तारीख उलटली, कळा नाहीत: चाळीस आठवड्यांनंतर काय करायचं

१२ ऑक्टोबरला सकाळी सात वाजता मावशीचा फोन आला, "झालं का गं?" नऊ वाजेपर्यंत आत्या, नणंद, शेजारच्या काकू आणि ऑफिसातल्या दोघी असे पाच फोन झाले. मी कराडला माहेरी ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होते आणि पोटात बाळ निवांत ढुशा मारत होतं. कार्डावर १२ तारीख लिहिलेली, म्हणजे १२ ला बाळ यायलाच हवं असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

बाळ २६ ला झालं. मधल्या चौदा दिवसांत जे कळलं ते मला आधी कुणी समोर बसवून सांगितलं असतं, तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती. म्हणून ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुमची फाईल पाहिलेली असते, त्यामुळे त्यांचा शब्द या लेखाच्या वर. पण त्यांना काय विचारायचं आणि ते बोलतात त्याचा अर्थ काय, एवढं पहिलटकरणीला, तिच्या आईला, सासूला आणि नवऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

पहिली पायरी: तारीख खरी कोणती, ते ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. तारीख उलटली म्हणून घाबरलेल्या कितीतरी बायकांची तारीख मुळात चुकलेली असते.

तारीख काढायची पद्धत जर्मनीतले डॉक्टर नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. माझी शेवटची पाळी ५ जानेवारीची, म्हणून १२ ऑक्टोबर. एकूण २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आपल्याकडे "नऊ महिने नऊ दिवस" म्हणतात ते याच्या किती जवळ आहे बघा, फक्त दोन दिवसांचा फरक. माझी आजी हे बोटांवर मोजायची.

पण हा हिशोब पाळी दर २८ दिवसांनी येते असं धरून केलेला आहे. ज्यांची पाळी ३५ दिवसांनी येते त्यांच्यात गर्भ साधारण आठवडाभर उशिरा राहतो, म्हणजे तारीखही आठवडाभर पुढे जायला हवी. पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या बंद करून महिनाच झाला असेल, अंगावर दूध असतानाच दिवस राहिले असतील किंवा पाळीचा दिवस अंदाजाने सांगितला असेल, तर पाळीवरून काढलेल्या तारखेवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेवायची. त्या काळात सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. पुढे कुणाचं बाळ अंगाने मोठं, कुणाचं बारीक. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख तीन आठवड्यांपर्यंतही इकडे-तिकडे होऊ शकते.

माझा घोटाळा इथेच झाला. पुण्यात आठव्या आठवड्यात सोनोग्राफी केली होती, तिच्यात १८ ऑक्टोबर तारीख आली होती. माझी पाळी लांबणारी, त्यामुळे तीच बरोबर होती. आठव्या महिन्यात मी माहेरी आले, पण जुने रिपोर्ट पुण्याच्या घरी कपाटातच राहिले. कराडच्या डॉक्टरांसमोर फक्त कार्ड, त्यावर १२ तारीख. शेवटच्या सोनोग्राफीत मशिनने २७ ऑक्टोबर छापली. घरात तीन तारखा झाल्या आणि प्रत्येकाने आपल्या सोयीची धरली. १९ तारखेला डॉक्टर म्हणाले, कार्डाप्रमाणे एक्केचाळीस आठवडे पूर्ण झालेत, उद्या ॲडमिट व्हा. तेव्हा मला कपाटातला रिपोर्ट आठवला. नवऱ्याने त्याचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी तो मोठा करून नीट पाहिला, कार्डावरच्या १२ वर रेघ मारली, वर १८ लिहिलं आणि म्हणाले, "मग आपल्याकडे २५ पर्यंत वेळ आहे."

माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे: कपड्यांच्या आधी फाईल भरा. सगळ्यात जुनी सोनोग्राफी वर ठेवा आणि तिचा फोटो आईच्याही मोबाईलमध्ये ठेवा.

आणखी एक. शेवटच्या सोनोग्राफीत तारीख पुढची आली की घरचे म्हणतात, "बघ, अजून वेळ आहे." हा समज धोक्याचा आहे. तारीख सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून एकदा पक्की झाली की ती बदलत नाही. नंतर मापं कमी आली तर डॉक्टर तारीख बदलत नाहीत, बाळाची वाढ नीट होते आहे ना ते बघतात.

दुसरी पायरी: महिने सोडा, आठवडे आणि दिवस मोजा

दवाखान्यात कुणी नववा की दहावा असं बोलत नाही. सिस्टर केसपेपरवर ४०+५ लिहितात, म्हणजे चाळीस आठवडे पाच दिवस. हे वाचता आलं की निम्मी भीती जाते.

३९ पासून ४०+६ पर्यंत झालेलं बाळ अगदी वेळेत आलेलं. ४१ ते ४१+६ म्हणजे उशिरा. ४२ आठवडे पूर्ण झाले की वैद्यकीय भाषेत दिवस खऱ्या अर्थाने उलटले. माझ्या बाबतीत १८ ऑक्टोबरला ४०, २५ ला ४१ आणि १ नोव्हेंबरला ४२. या तीन तारखा एका कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि "झालं का?" विचारणाऱ्यांना मधली सांगा. नेमक्या दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. पहिलं बाळ थोडं उशिराच येतं. आधीच्या खेपेला उशीर झाला असेल, किंवा तुमच्या आईला तुमच्या वेळी झाला असेल, तर तुम्हालाही होण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी: ४१ ला एवढं महत्त्व का, ते समजून घ्या

बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. पूर्ण दिवस झाल्यावर काहींची वार हळूहळू थकायला लागते. पिशवीतलं पाणी कमी होतं. बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते आणि ते पाणी श्वासावाटे छातीत गेलं तर जन्मल्यावर श्वासाचा त्रास होतो. काही बाळं उलट फार मोठी होतात आणि खांदे अडकू शकतात. बाळ पोटातच दगावण्याचा धोका ४० नंतर थोडा आणि ४२ नंतर स्पष्टपणे वाढतो. हे लिहिताना माझाही हात थबकतो, पण लपवून उपयोग नाही. त्यासोबत हेही तितकंच खरं की ४१ व्या आठवड्यातल्या बहुतेक सगळ्या बाळांचं सगळं ठीक असतं.

स्वीडनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २,७६० बायका, निम्म्यांना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, निम्म्यांना ४२ पर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून अभ्यास मध्येच थांबवला गेला. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की तारखेची खात्री असेल तर ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात. "आमच्या वेळी तीन आठवडे वर गेले होते, काही झालं नाही" असं घरातलं मोठं माणूस सांगेल. त्यांच्या वेळी सुरुवातीची सोनोग्राफी नव्हती, त्यामुळे ते तीन आठवडे खरे किती होते हे आज कुणीच सांगू शकत नाही.

मधुमेह, वाढलेला रक्तदाब, जुळी, कमी पाणी किंवा वाढ खुंटलेलं बाळ असेल तर डॉक्टर ४१ ची वाट बघत नाहीत. आधीचं सिझर असेल, आधी एखादं बाळ गेलं असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल तरीही बेत वेगळा असतो. अशांनी हा लेख वाचून थांबायचं ठरवू नये.

चौथी पायरी: रोज बाळाची हालचाल मोजा

थांबायचं आहे तर हे एक काम रोज करायचं, न चुकता. जेवल्यावर, बाळ एरवी जागं असतं त्या वेळी, डाव्या कुशीवर आडवं व्हा. हात पोटावर, मोबाईल बाजूला. ढुशी, लाथ, वळवळ, कूस बदलणं, सगळं मोजायचं, फक्त उचकी सोडून. दहा हालचाली किती वेळात झाल्या ते कॅलेंडरवर लिहा. बहुतेकांना अर्ध्या-पाऊण तासात दहा मिळतात. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आकड्याहूनही महत्त्वाची आहे तुमच्या बाळाची सवय. माझी लेक रात्री अकरा वाजता हमखास डाव्या बरगडीखाली पाय रोवायची. एका रात्री तो पाय आला नाही. गूळ-शेंगदाणे खाल्ले, कुशीवर झोपले, तरी नाही. साडेबाराला आईला उठवलं आणि आम्ही गेलो. ठोके व्यवस्थित होते, ती झोपली होती. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत. पुन्हा वाटलं तर पुन्हा या." त्या वाक्याचे माझ्यावर उपकार आहेत. उगाच त्रास दिला असं मनात आणायचं नाही, परत जावंसं वाटलं तर परत जायचं.

"शेवटी बाळाला जागा नसते, म्हणून हालत नाही" हे तुम्हाला दहा जणी सांगतील. ते चूक आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, उड्यांऐवजी सरकणं आणि ढोसणं जाणवतं, पण हालचाल शेवटपर्यंत राहते. घरी ठोके ऐकायचं यंत्र आणून समाधान करून घेऊ नका. ठोके ऐकू येणं आणि बाळ सुखरूप असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, शिवाय कधी कधी त्यात आपल्याच नाडीचा आवाज येतो. झोपताना कुशीवर, पाठीवर नाही.

पाचवी पायरी: तपासण्या आणि त्यांतले आकडे

४० नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा बोलावतात, ४१ जवळ आल्यावर दोनदा तरी. वजन, रक्तदाब, लघवी हे नेहमीचंच. त्यात दोन गोष्टी नव्या येतात.

एक, एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी. डाव्या कुशीवर टेकवून पोटावर दोन पट्टे बांधतात, एक ठोक्यांसाठी, एक कळांसाठी. हातात एक बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. शेजारी मशिनमधून कागद सरकत असतो. ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये असावेत आणि बाळ हललं की थोडे वाढावेत. वीस मिनिटांत असे दोन उंचवटे दिसले की रिपोर्ट चांगला. बाळ झोपलेलं असेल तर चाळीस मिनिटंही लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काहीतरी खाऊन आणि लघवी करून जा. मी पहिल्यांदा उपाशी गेले होते, अर्धा तास रेघ सपाट राहिली आणि माझं तोंड कोरडं पडलं. सिस्टरांनी पोट हलकेच हलवलं आणि रेघ वर चढली.

दुसरी, पाण्यासाठी सोनोग्राफी. या दिवसांत सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे "पाणी कमी झालंय". ते ऐकून रडायच्या आधी आकडा विचारा. पाण्याच्या चार कप्प्यांच्या खोलीची बेरीज ५ सेंटीमीटरच्या खाली, किंवा सगळ्यात खोल कप्पा २ सेंटीमीटरच्या खाली असेल तर खरं कमी, आणि मग थांबवत नाहीत. आठ किंवा नऊ असेल तर शेवटी थोडं कमी होतंच. पाणी जास्त पिणं चांगलं, पण त्यावर विसंबून तपासणी टाळायची नाही.

त्याच रिपोर्टात "गळ्याभोवती नाळ" असंही लिहून येतं आणि घरात रडारड सुरू होते. साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात नाळेचा वेढा असतो आणि बहुतेक सुखरूप नॉर्मल जन्मतात. नुसत्या त्या ओळीवरून सिझर ठरत नाही.

घरगुती उपाय: काय चालतं, काय नाही

एरंडेल देऊ नका, घेऊ नका. त्याने जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, कळा आल्याच तर वेड्यावाकड्या येतात. सुईणी पूर्वी देत असत हे खरं, पण पहाटे तीन वाजता जुलाबाने गळून गेलेली बाई कळा कशी देणार? कुणाच्या सांगण्यावरून काढे, रिकाम्या पोटी अननसाचा रतीब, कच्ची पपई, हेही नको. मेडिकलमधून कळांच्या गोळ्या आणून घरी घेणं तर जिवावर बेतणारं आहे. चुकीच्या मात्रेने पिशवी फाटू शकते.

दुधात तूप घालून प्यायल्याने वाट मोकळी होते, असं माझ्या आईलाही वाटायचं. पोटातलं तूप आणि बाळाची वाट यांचा संबंध नाही. आवडत असेल तर चमचाभर घ्या, वाटी नको. खजूर मात्र खा. शेवटच्या आठवड्यांत रोज थोडा खजूर खाल्ल्याने गर्भपिशवीचं तोंड मऊ व्हायला मदत होते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. मधुमेह असेल तर विचारून. सकाळ-संध्याकाळ चाला, दमेपर्यंत नाही. पाणी गेलेलं नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर नवरा-बायकोच्या संबंधांना हरकत नसते.

सहावी पायरी: आतून तपासणी आणि स्वीप

४० च्या पुढे डॉक्टर आतून तपासतात. पिशवीचं तोंड किती उघडलंय, किती मऊ आणि पातळ झालंय, मागे आहे की पुढे, बाळाचं डोकं किती खाली आलंय या पाच गोष्टींना गुण देतात. याला बिशप स्कोअर म्हणतात. सहा किंवा कमी असेल तर तोंड अजून तयार नाही, आठच्या पुढे असेल तर कळा आणणं सोपं. तुमचे गुण विचारून घ्या, पुढचा सगळा बेत त्यावर असतो.

तोंड थोडं उघडं असेल तर डॉक्टर बोट फिरवून पिशवीचा पडदा बाजूने सुटा करतात, तो स्वीप. दोन मिनिटं दुखतं, नंतर पोट ओढल्यासारखं वाटतं, थोडा लालसर चिकट स्राव जातो. बऱ्याच जणींना यानंतर दोन-तीन दिवसांत आपोआप कळा सुरू होतात आणि औषधांची गरज उरत नाही. पण हे करण्याआधी तुम्हाला विचारलं पाहिजे, आणि तुम्ही "आज नको" म्हणू शकता.

सातवी पायरी: कळा आणायचं ठरलं, तर

२५ ऑक्टोबरला सकाळी आठला मी ॲडमिट झाले. आईला वाटलं दुपारपर्यंत बाळ हातात येईल. बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी चारला झालं. पहिलटकरणीला, पिशवीचं तोंड तयार नसताना, एक ते दोन दिवस लागू शकतात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी बाहेर "अजून काहीच नाही? सिझर करून टाका" अशी घाई सुरू होते आणि ती आत तुमच्यापर्यंत पोचते.

तोंड तयार नसेल तर आधी ते मऊ करतात. तीन मार्ग आहेत. आतून लावायचं जेल, दर सहा तासांनी, दिवसाला तीन वेळापर्यंत. मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची छोटी गोळी, तोंडाने दर दोन तासांनी किंवा आतून दर सहा तासांनी. किंवा लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी आत घालून तिचा फुगा फुगवायचा, तो तोंडावर दाब देतो. यांतल्या गोळी आणि फुग्याची तुलना आपल्या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत झाली. रक्तदाब वाढलेल्या ६०२ बायका त्यात होत्या, २०१७ मध्ये ते निष्कर्ष छापून आले, आणि गोळी घेतलेल्यांपैकी जास्त जणींची चोवीस तासांच्या आत नॉर्मल प्रसूती झाली. ज्यांचं आधी सिझर झालंय त्यांना मात्र ही गोळी देत नाहीत, त्यांनी हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

तोंड उघडायला लागलं की पाणमोट फोडतात आणि सलाईनमधून कळांचं औषध सुरू करतात, थेंब हळूहळू वाढवत. औषधाच्या कळा आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा एकदम जोरात आल्यासारख्या वाटतात. दुखणं कमी करायला काय मिळेल ते ॲडमिट होतानाच विचारा. या सगळ्या वेळात ठोके वारंवार तपासले गेले पाहिजेत. कळा दोन मिनिटांवर येऊन मध्ये उसंतच मिळत नसेल तर हाक मारून सांगा, थेंब कमी करता येतात.

"इंजेक्शन दिलं की सिझर ठरलेलंच" हा समज पक्का रुजलेला आहे. मोठ्या अभ्यासांत उलट दिसतं. पूर्ण दिवसांनंतर कळा आणलेल्या बायकांत सिझरचं प्रमाण थांबलेल्यांपेक्षा वाढत नाही, थोडं कमीच भरतं. पण त्यासाठी औषधाला पुरेसा वेळ द्यावा लागतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: कुठलं औषध, किती वेळ वाट बघणार, कळा आल्याच नाहीत तर पुढे काय, रात्री भूलतज्ज्ञ असतात का? दिवस चांगला आहे म्हणून त्या दिवशी सिझर करा, हा आग्रह मात्र धरू नका. बाळाच्या तब्येतीचं कारण असेल तर सिझरला क्षणभरही नाही म्हणू नका.

गाव लांब असेल तर

प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी प्रसूती होते, सिझर होत नाही. ४१ च्या पुढच्या प्रसूतीसाठी ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेलं ठिकाण हवं, म्हणजे बहुतेक वेळा उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. ४० आठवडे व्हायच्या आत आशाताईंना विचारून कुठे जायचं ते नक्की करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे कार्ड दाखवून तारीख तपासून घेता येते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे, जाण्या-येण्याची गाडीही. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक हिशोब: २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेतले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. आधी जितके जास्त घ्याल आणि बाळ जितकं उशिरा येईल, तितके बाळासोबतचे दिवस कमी. तब्येत परवानगी देत असेल तर रजा थोडी उशिरा सुरू करा.

वाट न बघता निघायचं, तेव्हा

बाळाची हालचाल कमी किंवा बंद. पाणी गेलं, कळा असोत वा नसोत. रंग बघून ठेवा, हिरवट किंवा पिवळट असेल तर जाताच तो आधी सांगा. पाळीसारखा लाल रक्तस्राव. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज. ताप. सतत कडक राहणारं, सैल न होणारं पोट. आणि अर्थातच कळा: पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर तशाच येत राहिल्या तर. चालल्यावर किंवा आडवं झाल्यावर थांबल्या तर त्या खोट्या.

बाळ हातात आल्यावर

उशिरा आलेल्या बाळाची कातडी कोरडी, सुरकुतलेली असते, हातापायांची सालं निघतात. माझ्या लेकीची नखं बोटांच्या पुढे आली होती आणि तळवे कांद्याच्या पातीसारखे सुटत होते. आई घाबरली. सिस्टरांनी दुपट्यातून तिचा पाय काढून दाखवला आणि म्हणाल्या, तारखेच्या पुढची बाळं अशीच असतात. सालं ओढायची नाहीत, डाळीच्या पिठाने चोळायचं नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातात. नखं पहिले काही दिवस कापू नका, हातमोजे घाला. बाळ फार बारीक किंवा फार मोठं असेल तर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासतात. पाणी हिरवं असेल तर काही तास श्वासावर लक्ष ठेवतात, त्यासाठी बाळ तुमच्यापासून दूर नेलं तर कुठे नेलं ते विचारा आणि नवऱ्याला किंवा आईला सोबत पाठवा. पहिल्या तासात अंगावर घ्यायला लावा. माझी लेक इतकी भुकेली होती की सिस्टरांनी जवळ आणताच तिने स्वतःच मान वळवली.